सोलापुरातल्या घराला किती स्पीडचं नेट पुरतं? प्लॅन वाढवण्याआधी करायची तपासणी

जुळे सोलापुरातलं पाच माणसांचं घर धरा. रात्रीचे नऊ वाजलेत. हॉलमध्ये टीव्हीवर फोर-केमध्ये मॅच चालू आहे, एका खोलीत पुण्याच्या कंपनीची मीटिंग, दुसऱ्या खोलीत नीटचा ऑनलाइन क्लास, आजी मोबाईलवर कीर्तन बघतायत. टीव्हीला २०, मीटिंगला ४, क्लासला ३, कीर्तनाला ५ आणि बाकीच्या मोबाईलमध्ये मागच्या मागे जे चालतं त्याला ८ धरले तर बेरीज ४० एमबीपीएस होते.

अशा घरात १०० चा प्लॅन असतो आणि तरी मीटिंग अडकते. मग कोणीतरी सांगतं, तीनशेचा घ्या. तो घेतला तरी मीटिंग अडकतेच, कारण अडचण प्लॅनमध्ये नव्हतीच. ती राउटरच्या जागेत होती, नाहीतर भिंतीतून नेलेल्या जुन्या केबलमध्ये, नाहीतर कनेक्शनवाल्याच्या भरून गेलेल्या लाइनमध्ये. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हिशेब, मग मोजणी, मग घरातली दुरुस्ती, आणि प्लॅन सगळ्यात शेवटी.

हिशेब कसा मांडायचा

एक कागद घ्या. घरात सगळ्यात जास्त वापर होतो ती वेळ पकडा, बहुतेक घरांत रात्री साडेआठ ते साडेदहा. त्या वेळात एकदम काय काय चालू असतं तेवढंच लिहा. वायफायला बारा उपकरणं जोडलेली आहेत म्हणून घाबरू नका, त्यातली निम्मी नुसती पडून असतात.

आता प्रत्येकासमोर आकडा टाका. यूट्यूबच्या स्वतःच्या शिफारशीप्रमाणे फुल एचडीला ५ आणि फोर-केला २० एमबीपीएस सलग मिळायला हवेत. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ सांगतं. रील बघणाऱ्या प्रत्येकाला ५ धरा. व्हिडिओ मीटिंगला येताना (डाउनलोड) ३ ते ४ आणि जाताना (अपलोड) तेवढेच. आवाजाच्या कॉलला १ पेक्षाही बरंच कमी लागतं. ऑनलाइन गेम खेळताना (उतरवताना नव्हे) १ च्या आसपास पुरतो; तिथे स्पीडपेक्षा पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, महत्त्वाचा. कॅमेरा क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग पाठवत असेल तर दोन मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला जाताना साधारण २.

आलेल्या बेरजेत तिच्या निम्मी भर घाला. ४० आले असतील तर ६०. तेवढ्याचा किंवा त्याच्या लगेच वरचा प्लॅन पुरतो. दोघंच राहत असतील, टीव्ही फुल एचडी असेल, तर ३०-४० चा प्लॅन आरामात चालतो. चार-पाच माणसं, एखादा फोर-के टीव्ही आणि घरून काम करणारं कोणी असेल तर १०० पुष्कळ झाले. २०० च्या वर जायला वेगळं कारण लागतं, ते पुढे येईल.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे फाइल उतरताना स्क्रीनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट दिसणार, तेही जास्तीत जास्त. "शंभर सांगून बाराच देतात" ही तक्रार त्यातूनच येते. तिथे कनेक्शन व्यवस्थित चालू आहे.

जास्त स्पीडचा फायदा कुठे दिसतो? मोठी फाइल उतरवताना. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास घेतो, ३०० वर पाऊण तास, एक गिगाबिटवर तेरा-चौदा मिनिटं. पण पाच एमबीपीएसवर चालणारा व्हिडिओ ५०० च्या लाइनवर जास्त स्पष्ट दिसत नाही. वेबसाइट उघडायला वेळ लागतो तो बराचसा समोरच्या सर्व्हरचा असतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट उघडत नाही ती घरच्या प्लॅनमुळे नव्हे. त्या घटकेला लाखो मुलं एकाच सर्व्हरवर असतात.

मोजणी: आधी वायरवर, मग वायफायवर

मोबाईलवर स्पीडटेस्ट करून प्लॅनला दोष देऊ नका. मोबाईलवरचा आकडा हा लाइन, राउटर, भिंती आणि तुमचा मोबाईल या सगळ्यांचा मिळून असतो. लाइन वेगळी मोजायची तर असं करा:

१. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा गिगाबिट लॅन अॅडॉप्टर मिळतो. खोक्यावर "गिगाबिट" लिहिलंय ना ते बघून घ्या, स्वस्तातले पुष्कळसे १०० चेच असतात.
२. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. व्हीपीएन बंद करा. टीव्ही आणि बाकीचे मोबाईल पाच मिनिटं नेटवरून काढा.
३. सकाळी सातला, दुपारी आणि रात्री नऊला, असं तीन दिवस मोजा. डाउनलोड, अपलोड आणि पिंग तिन्ही लिहून ठेवा.
४. दर वेळी दोनदा मोजा. एकदा जवळचा सर्व्हर निवडून, एकदा मुंबईचा.

वायरवर प्लॅनच्या ९० टक्क्यांच्या वर आकडा आला तर लाइन चांगली आहे, दोष घरात शोधा. सकाळी ९५ आणि रात्री नऊला ३० येत असतील तर कनेक्शनवाल्याकडे त्या वेळी गर्दी होते. जवळच्या सर्व्हरवर ९५ आणि मुंबईवर ३५ येत असतील तर त्याची शहराबाहेर जाणारी लाइन भरलेली आहे. या दोन्ही बाबतींत ३००चा प्लॅन घेऊन काही होत नाही, भरलेल्या लाइनवरच तुम्ही जास्त पैसे भरता. तक्रारीने सुटलं नाही तर कनेक्शन बदलणं हाच उपाय.

आणखी एक खूण. यूट्यूब सुसाट चालतं आणि बाकी सगळं रडत असतं, असं बऱ्याच घरांत दिसतं. पुष्कळ कनेक्शनवाल्यांच्या जाळ्यात गूगलचा कॅशे सर्व्हर (व्हिडिओंच्या प्रती जवळच साठवणारा) बसवलेला असतो, त्यामुळे यूट्यूबचा व्हिडिओ बाहेरून आणावाच लागत नाही. म्हणून नुसता यूट्यूब चालवून लाइनची परीक्षा होत नाही. फास्ट डॉट कॉमवरची टेस्ट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते, ती एकदा करून बघा. दोन टेस्टमध्ये मोठा फरक आला की काय ते कळतं.

९४ वर अडकलेला आकडा

२०० किंवा ३०० चा प्लॅन घेतलाय आणि वायरवर दर वेळी ९३, ९४, ९५ च येतात? मग कुठेतरी १०० चा अडसर आहे. हा आकडा इतका ठरलेला आहे की तो दिसला की बाकी काही शोधायलाच नको.

अडसर तीन ठिकाणी असतो. राउटरचे किंवा लॅपटॉपचे पोर्टच १०० चे असतात, जुन्या आणि स्वस्त राउटरमध्ये हे हमखास. किंवा केबल खराब असते. किंवा जॅक चुकीचा मारलेला असतो.

तिसरं कारण जवळून बघण्यासारखं आहे. केबलच्या टोकाचा पारदर्शक आरजे-४५ जॅक उजेडात धरा. आत आठ बारीक तारा दिसायला पाहिजेत. जॅकची पट्टी मागे आणि पितळी टोकं वर ठेवून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएसला यातल्या चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. एक गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं आणि वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. काही ठिकाणी तर एकाच केबलच्या चार तारा खालच्या मजल्याला आणि चार वरच्या मजल्याला दिलेल्या असतात. केबल वाचते, पण दोन्ही मजले कायमचे १०० वर अडकतात.

तपासायला सोपं आहे. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमधल्या इथरनेटवर गेलं की लिंक स्पीड दिसतो. तिथे १००/१०० असेल तर आधी दुसरी चांगली पॅच कॉर्ड (तयार मिळणारी छोटी लॅन केबल) लावून बघा. आकडा १०००/१००० झाला तर केबलच दोषी. बदलायची तर कॅट-५ई पुरते, १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट व्यवस्थित नेते. नवीन काम करत असाल तर कॅट-६ टाका, पण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारा स्वस्त असतात. वाकवताना तुटतात आणि जॅकमध्ये नीट बसत नाहीत. चाकूने तार खरवडा. आत चकाकता पांढरा रंग निघाला तर ते अॅल्युमिनियम, केबल परत करा.

पण ज्यांचा हिशेब ६० वर आला त्यांनी हे सगळं वाचून केबल बदलायला धावू नये. १०० चा प्लॅन असेल तर ९४ हा उत्तम आकडा आहे. टीव्हीचंही तसंच: बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो आणि फोर-केला २० लागतात, तेव्हा तिथे काळजीचं कारणच नाही.

राउटर कुठे ठेवलाय?

सोलापूरच्या घरांमध्ये निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतील. कनेक्शनवाला वायर जिथून आत घेतो तिथेच राउटर ठोकून जातो, म्हणजे दाराजवळ, जिन्याखाली, नाहीतर मीटरच्या बोर्डाशेजारी. मग घराच्या मागच्या खोलीत दोन काड्या येतात.

जुन्या पेठांतल्या दगडी किंवा माळवदाच्या घरात भिंती दीड-दोन फुटांच्या असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झचा (वायफायच्या दोन बँडपैकी वेगवान) सिग्नल एका भिंतीनंतर खूप कमी होतो आणि दुसरीपर्यंत जवळजवळ संपतो. अशा घरात लोक राउटर कोनाड्यात ठेवतात, दिसायला नीटनेटका वाटतो म्हणून. कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी दगड. सिग्नल फक्त समोरच्या दिशेला जातो. तो कोनाड्यातून काढून बाहेर, पाच-सहा फूट उंचीवर, दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराच्या वर लावला तर त्याच प्लॅनवर फरक लगेच दिसतो.

नव्या आरसीसी घरांत वेगळे अडथळे असतात. लोखंडी कपाट, फ्रिज, टीव्हीची पाठ आणि आरसा यांच्यामागे राउटर नको. पाण्याच्या बॅरलजवळही नको. नळाला दिवसाआड, तीन-चार दिवसांआड पाणी येतं म्हणून आपल्याकडे मोऱ्यांमध्ये, व्हरांड्यात भरलेली बॅरलं असतातच, आणि पाणी वायफायचा सिग्नल शोषून घेतं. वरच्या मजल्याच्या स्लॅबमधून सळई जाते, त्यामुळे खालच्या राउटरवर वरच्या खोलीचं काम भागवायची आशा धरू नका.

पोटमाळ्यावर किंवा पत्र्याखाली राउटर ठेवणं ही सोलापुरात फार महागात पडणारी चूक आहे. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा ४३ च्या आसपास जातो, पत्र्याखाली त्याहून बराच वर. दुपारी दोन ते पाच नेट तुटतं आणि संध्याकाळी आपोआप नीट होतं, असं होत असेल तर राउटरला हात लावून बघा. पूर्व भागात घरातच यंत्रमाग असेल तर सुताची धूळ राउटरच्या भोकांमध्ये बसते आणि उष्णता आत कोंडते. महिन्यातून एकदा बंद करून मऊ ब्रशने झाडा.

जागा ठरवायला अँड्रॉइड मोबाईलवर वायफाय अॅनालायझर हे अॅप पुरतं. प्रत्येक खोलीत उभं राहून डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६५ पर्यंत मीटिंग व्यवस्थित चालते, उणे ७० नंतर अडकायला लागतं, उणे ८० म्हणजे त्या खोलीत वायफाय नाहीच असं समजा. राउटर थोडा थोडा सरकवत पुन्हा पुन्हा बघा. तासाभराचं काम आहे, पण ते नीट करा. प्लॅनमधला स्पीड खोलीत किती पोहोचतो ते त्यावरच अवलंबून आहे.

मग दोन बँडचं बघा. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोहोचतो पण हळू चालतो. स्वस्त मोबाईल त्या बँडवर जास्तीत जास्त ७२ च्या लिंकवर जोडला जातो आणि हातात ४०-५० एमबीपीएस येतात. अपार्टमेंटमध्ये शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच बँडवर बोलत असतील तर त्याहून कमी. तेव्हा प्लॅन ३०० चा असो की एक गिगाबिटचा, त्या मोबाईलला फरक पडत नाही. टीव्ही, लॅपटॉप आणि मीटिंगचा मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. कॅमेरा, स्मार्ट बल्ब, लांबच्या खोलीतला जुना मोबाईल २.४ वर. दोन्ही बँडची नावं एकच असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये वेगळी करा, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकीच एक, अॅपमध्ये सगळ्यात कमी गर्दी दिसेल तो, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ३ किंवा ८ सारखा मधला चॅनेल घेतला तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट येतो.

एका राउटरने घर झाकत नसेल तर भिंतीत खोचायचा वायफाय एक्स्टेंडर घेऊ नका. तो एकाच हवेत ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा सांगतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. त्यापेक्षा वरच्या मजल्यापर्यंत लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो त्याच नेटचं वायफाय तिथून पसरवतो. केबल १५-२० मीटर आणि दीड-दोन हजारांचा साधा ड्युअल बँड राउटर, एवढाच खर्च. केबल न्यायची सोयच नसेल तर मेश (एकमेकांशी वायफायने जोडलेल्या डब्यांचा संच) घ्या, पण त्याचा दुसरा डबा सिग्नल जिथे अजून चांगला आहे तिथे ठेवा, जिथे संपलाय तिथे नव्हे.

बाहेरून येणारी फायबर

फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या डबीवर, म्हणजे ओएनटीवर, लॉसची (LOS लिहिलेली) लाल लाईट लागली तर प्रकाश येतच नाही. तक्रार नोंदवण्याशिवाय घरात काही करण्यासारखं नसतं. पण लाल लाईट न लागता कनेक्शन अधूनमधून तुटत असेल तर ओएनटीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ टाकून आत जाता येतं, पासवर्ड डबीच्या खाली चिकटवलेला असतो. आकडा उणे १५ ते उणे २४ डीबीएममध्ये असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास गेला की काठावर आहे, आणि उन्हाळ्यात, पावसात तुटणार.

आकडा पडायचं नेहमीचं कारण म्हणजे वाकवलेली फायबर. कपाटामागे चेपलेली, खिळ्याला गुंडाळलेली, दाराच्या फटीत सापडलेली. उरलेली फायबर चहाच्या बशीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवा, त्याहून लहान करू नका. हिरव्या कनेक्टरचं टोक बोटाने पुसू नका. बोटाचं तेल बसलं की प्रकाश अडतो. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

लाईट गेली की नेट जातं?

घरून काम करणाऱ्यांनी स्पीडवर खर्च करण्याआधी इथे करावा. ओएनटी आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, दोन्ही मिळून १० ते १५ वॅट. त्यांच्यासाठी मिनी यूपीएस मिळतो. घेताना अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. खोक्यावरच्या एमएएचने फसू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ७८०० एमएएच म्हणजे २९ वॅट-तासांच्या आत, त्यातले २३ हाती येतात, आणि १० वॅटच्या भाराला ते सव्वादोन तास पुरतात.

पण आधी एक विचारून घ्या. कनेक्शन जीपॉन असेल, म्हणजे एकच फायबर स्प्लिटर नावाच्या डबीतून अनेक घरांना वाटलेली असेल, तर मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. घरची डबी आणि कनेक्शनवाल्याचं ऑफिस चालू असलं की नेट चालू. याउलट काही जागी गल्लीतल्या खांबावर किंवा इमारतीच्या जिन्यात विजेवर चालणारा स्विच असतो. तिथे बॅकअप नसेल तर तुमचा यूपीएस चालू असूनही लाईट गेली की नेट गेलं.

अपलोड आणि पिंग

मीटिंगमध्ये समोरचे दिसतात पण "तुमचा आवाज तुटतोय" म्हणतात, तेव्हा दोष जाणाऱ्या बाजूला असतो. बहुतेक वेळा घरातल्या कोणाच्या तरी मोबाईलवर फोटोंचा बॅकअप चालू झालेला असतो. लग्नाहून आल्याआल्या ४०० फोटो आणि २० व्हिडिओ वर जायला लागतात, अपलोड भरतं, आणि पिंग १० मिलिसेकंदांवरून दोनशे-तीनशेवर जातो.

खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून पुढे ८.८.८.८ टाका. आधी शांत लाइनवर आकडे बघा, मग एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावून पुन्हा बघा. आकडा दहापटीने वाढला तर प्लॅन वाढवण्याची गरज नाही. बॅकअप रात्री बारानंतर ठेवा, किंवा राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा.

क्लाउड कॅमेऱ्यांचा हिशेबही इथेच करा. २ एमबीपीएसने दिवसभर पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६४८ जीबी वापरतो. असे चार कॅमेरे लावले तर २५९२ जीबी. पुष्कळ "अनलिमिटेड" प्लॅनची मर्यादा महिन्याला ३३०० जीबी असते आणि ती ओलांडली की स्पीड एकदम खाली येतो. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका किंवा एनव्हीआर (घरातच रेकॉर्डिंग साठवणारा डबा) बसवा; मग नेट फक्त तुम्ही मोबाईलवर बघाल तेवढंच लागेल.

खरंच कोणाला जास्त स्पीड लागतो

लग्नाचे व्हिडिओ एडिट करून क्लाउडवर पाठवणाऱ्यांना लागतो. २०० जीबी फुटेज २० एमबीपीएस अपलोडवर २२ तास घेतं, १०० वर साडेचार तास. त्यांनी प्लॅन घेताना डाउनलोडचा आकडा बाजूला ठेवून अपलोड किती ते लेखी विचारावं. घरावर छतावरच्या अँटेनाने येणारं ५जी कनेक्शन असेल तर अपलोड डाउनलोडच्या मानाने बरंच कमी असतं, तिथे तर नक्की विचारा. खोल्या भाड्याने देऊन आठ-दहा विद्यार्थी ठेवलेत, किंवा घरात दोन-तीन जण मोठे गेम आणि सॉफ्टवेअर सारखे उतरवतात, त्यांना २०० ते ३०० वाजवी आहे. एक गिगाबिटची गरज असलेलं साधं घर सापडणं कठीण.

पैशांचा फरक लहान नाही. १०० चा प्लॅन महिना ७०० च्या आसपास आणि एक गिगाबिटचा ४००० च्या आसपास धरला तर वर्षाला ३९,६०० जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४६,७२८. ३०० चा १५०० ला धरला तरी वर्षाला जीएसटीसह ११,३२८ जास्त जातात. त्यात संपूर्ण घराची केबल, दुसरा राउटर आणि मिनी यूपीएस होऊन पैसे उरतात.

प्लॅन बदलायचाच असेल तर खालून वर जा. सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं आगाऊ भरू नका, आधी एक महिन्याचं घ्या. घरातली दुरुस्ती झाल्यावर हिशेबातला आकडा घेऊन महिनाभर वापरा. त्या महिन्यात रात्री नऊला वायरवर प्लॅनचा ९० टक्के आकडा येत असेल आणि तरी सगळं एकदम चालवल्यावर अडकत असेल, तरच वरचा प्लॅन घ्या. वायरवरच आकडा येत नसेल तर तीन दिवसांची वेळ-आकड्यांची वही समोर ठेवून तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर लिहून घ्या. त्यावर काही झालं नाही तर तोच नंबर देऊन त्या कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. "नेट स्लो आहे" असं तोंडी सांगितलं तर माणूस येऊन राउटर बंद-चालू करून जातो. वहीतले आकडे दाखवले की त्याला फायबरची पॉवर मोजावी लागते.